शेकडा की गोणी?

तेंदूपत्ता कशात मोजतात? चंद्रपूर-गडचिरोलीत याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पान तोडणाऱ्याची मजुरी शेकड्यावर ठरते: शंभर पुडे, एका पुड्यात ७० पानं. ठेकेदार लिलावात बोली लावतो ती गोणीवर, म्हणजे १,००० पुड्यांवर. पान एकच, पानं गोळा करायची फळी एकच, पण समोर कोण उभा आहे त्यावर माप बदलतं. माणसाचा यात गोंधळ होत नाही. कम्पायलरचा होऊ शकतो, आणि खालचा वाद त्यावरूनच पेटला.

वाद घालणारे दोघं एकाच घरातले. एक माझे जुने सहकारी. चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात गणित आणि सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झाले. आयआयटी मुंबईच्या ढमढेरे सरांचं पुस्तक त्यांनी इतकी वर्षं शिकवलं की त्यातली उदाहरणं अजून तोंडपाठ आहेत. आता गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांना तेंदूचे हिशेब लिहायला मदत करतात. दुसरी त्यांची पुतणी. ती त्यांना मोठेबाबा म्हणते आणि रस्ट या भाषेच्या कम्पायलरसाठी टेस्ट लिहिते. मोठेबाबांचा हट्ट असा की आधी नियम लिहा, मग तपासा. पुतणी म्हणते, नियम लिहिणारे लिहीत बसतात, तोवर लाखो ओळींचा कोड चालत असतो. त्याची राखण टेस्टच करतात. मी मध्ये बसून ऐकत होतो. जिथे राहवलं नाही तिथे माझंही म्हणणं घातलं आहे.

मोठेबाबा : तू टेस्ट लिहितेस म्हणजे नेमकं काय तपासतेस? कम्पायलर चूक पकडतो की नाही, एवढंच न?

पुतणी : तेवढंच नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तो कुठून आणतो, ते तपासते. ट्रेट म्हणजे करार समजा. ‘वनोपज’ नावाचा ट्रेट केला. ज्याला वनोपज म्हणवून घ्यायचं त्याने आपलं एकक सांगायचं आणि मोजून दाखवायचं. मोहफुलाने सांगितलं किलो, बांबूने सांगितलं नग. या करारपूर्तीला आम्ही इम्पल म्हणतो आणि त्या एककाला असोसिएटेड टाइप. इम्पल लिहिणाऱ्याने एकदा ठरवलं की ठरलं, वापरणाऱ्याला निवड नाही. पुढे कुठेही ‘मोहाचं एकक’ आलं की कम्पायलरने तिथे किलो ठेवायचं.

मोठेबाबा : आणि तेंदू?

पुतणी : तेंदूला एकच एकक देता येत नाही, तुम्हीच सांगितलंत. म्हणून ट्रेट जेनेरिक करावा लागतो. मोजणी, पण कोणासाठी? मजुरासाठीची मोजणी वेगळी, ठेकेदारासाठीची वेगळी. तेंदूचे दोन इम्पल झाले. मजूर म्हटलं की शेकडा, ठेकेदार म्हटलं की गोणी.

मोठेबाबा : म्हणजे तेंदू आणि मजूर ही जोडी दिली की शेकडा मिळतो. फलन आहे हे, दुसरं काही नाही. यात तपासायला आहे काय?

पुतणी : सगळं लिहिलेलं असेल तर काहीच नाही. पण लोक ‘तेंदू मोजा’ एवढंच लिहितात. कोणासाठी, ते सांगत नाहीत. आता समजा, लायब्ररीत मजुरासाठीची मोजणी तेवढीच आहे, ठेकेदाराची अजून कोणी लिहिलेली नाही. कम्पायलर काय करेल?

मोठेबाबा : विचारेल, कोणासाठी.

पुतणी : नाही विचारत. इम्पल एकच आहे हे बघून स्वतःच मजूर धरतो, शेकडा ठरवतो आणि पुढे जातो. काही महिन्यांनी लायब्ररीवाला ठेकेदाराचा इम्पल जोडतो. जुन्याला त्याने हातही लावलेला नाही. तरी तिकडे दुसऱ्या कोणाच्या तरी कोडमध्ये लाल अक्षरं उमटतात: टाइप लिहा, मला ठरवता येत नाही.

मोठेबाबा : काऊन? गणितात गृहीतकं वाढवली तर आधी सिद्ध झालेलं प्रमेय खोटं होत नाही, बाई. तुमच्याकडे नुसती भर घातली तरी कालचं मोडतं?

पुतणी : मोडतं. मोडलंही आहे.

जे मोडलं ते रस्ट वापरणाऱ्या बहुतेकांना आठवत असेल. २५ जुलै २०२४ ला रस्टची १.८० ही आवृत्ती आली. तिच्या प्रमाण लायब्ररीत एक निरुपद्रवी भर होती: अक्षरांच्या मालिकेतून थेट ‘बॉक्स’मधली स्ट्रिंग गोळा करता यावी म्हणून काही नवे इम्पल. तारीख-वेळ हाताळणाऱ्या ‘टाइम’ नावाच्या क्रेटमध्ये (क्रेट म्हणजे रस्टमधला लायब्ररीचा गठ्ठा) एका ठिकाणी ‘बॉक्समध्ये गोळा कर’ एवढंच लिहिलेलं होतं; बॉक्समध्ये काय, ते कम्पायलरवर सोडलेलं. आजवर लागू पडणारं उत्तर एकच होतं, आता दोन झाली. ‘टाइम’वर इतर असंख्य क्रेट उभे आहेत, त्यामुळे आपण काहीच न बदलता आपला प्रकल्प का थांबला हे अनेकांना कळेना. दुरुस्त आवृत्ती आधीच निघालेली होती, पण लोकांच्या लॉक-फाइलीत जुनीच खिळलेली. शेवटी कम्पायलरमध्येच या एका क्रेटचं नाव घेऊन ‘हे अमुक कारणाने होतंय, आवृत्ती वाढवा’ अशी सूचना टाकावी लागली.

मोठेबाबा : आणि तुमच्या टेस्ट तेव्हा झोपल्या होत्या?

पुतणी : नाही न, तेच तर. क्रेटर नावाचं यंत्र आहे आमच्याकडे. ते जाहीर उपलब्ध असलेले रस्टचे प्रकल्प जुन्या आणि नव्या कम्पायलरवर बांधून बघतं आणि कुठे काय मोडलं त्याची यादी देतं. हा मोड त्या यादीत होता. लोकांनी तो वाचला आणि ठरवलं की चालेल.

मोठेबाबा : बघ. मोजमाप होतं, नियम नव्हता.

पुतणी : नियमही होता, मोठेबाबा. २०१५ पासून लिहिलेला आहे की नव्या इम्पलमुळे कुणाचा टाइपचा अंदाज चुकला तर तो किरकोळ बदल धरायचा, कारण एक शब्द जास्त लिहून तो दुरुस्त होतो. नियम आणि टेस्ट दोन्ही होत्या आणि तरी मोडलं.

इथे मोठेबाबा जरा गप्प झाले. वादात हा मुद्दा पुतणीने जिंकला असं मला तेव्हा वाटलं. पण नीट पाहिलं तर तो दोघांपैकी कोणीच जिंकला नव्हता. नियमाने सांगितलं होतं की हे मोडणं चालतं, क्रेटरने सांगितलं होतं की हे मोडणार. किती मोडलं म्हणजे ‘किरकोळ’ नाही, हे दोघांपैकी कोणीच सांगितलेलं नव्हतं.

यामागची कल्पना बरीच जुनी आहे. फिलिप वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये टाइप क्लासची मांडणी केली, ती हॅस्केल भाषेत रुजली. क्लासच्या पोटात टाइप ठेवण्याची सोय चक्रवर्ती, केलर, पेटन जोन्स आणि मार्लो यांनी २००५ मध्ये मांडली. रस्टने ती २०१४ च्या एका प्रस्तावाने घेतली आणि मे २०१५ च्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासून ती भाषेत आहे. असोसिएटेड टाइपलाच पुन्हा जेनेरिक करण्याची पुढची पायरी मात्र २०१६ च्या प्रस्तावापासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत रखडली. नियम आधी लिहा म्हणणाऱ्यांनी ही सहा वर्षं लक्षात ठेवावीत.

मोठेबाबा : बरं, ती टेस्टची फाइल दाखव तरी.

तिने दाखवली. फाइलीत नावं देवनागरीत होती: तेंदू, पुडा, मजूर, ठेकेदार. जून २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये अशी नावं चालतात, भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन राहतात. एक खोच मात्र आहे. अदृश्य जोडचिन्ह नावात चालत नाही, त्यामुळे काही कीबोर्डांवर ‘ऱ्य’ टाइप केलं की दिसायला बरोबर असलेलं नाव कम्पायलर नाकारतो. मोठेबाबांसाठी तिने मुद्दाम असं लिहिलं होतं. कामावरच्या फाइली अर्थातच इंग्रजी नावांच्या.

पुतणी : ज्या ओळीवर एरर यायला हवी तिथे कॉमेंटमध्ये तशी खूण करायची. कम्पायलरने छापलेला अख्खा मजकूर, खालच्या बाणांसकट, शेजारच्या फाइलीत ठेवायचा. पुढे एक अक्षर जरी बदललं तरी टेस्ट फेल.

मोठेबाबा : आणि बदल मुद्दाम केला असेल तर?

पुतणी : तर ब्लेस करायचं. एक कमांड दिली की नवा मजकूर जुन्याच्या जागी बसतो.

मोठेबाबा : वा! चूक करायची, मग त्या चुकीलाच आशीर्वाद द्यायचा. न वाचता सही ठोकणारे सचिव मी पाहिलेत, त्यांना निदान शाई तरी लागायची.

पुतणी : बदललेली प्रत्येक ओळ रिव्ह्यूत दिसते, दुसरं कोणीतरी वाचतंच.

मोठेबाबा : ४०० फाइली बदलल्या तर वाचतं?

पुतणी : (थोडं थांबून) पहिल्या ४० नीट वाचतं.

या बाबतीत मी सरळ मोठेबाबांच्या बाजूचा आहे. शेजारची फाइल एवढंच सांगते की कम्पायलर काल असं म्हणाला. तो बरोबर म्हणाला का, हे तिला माहीत नसतं. रस्टवाल्यांना हे कळत नाही असं नाही. ‘ही ज्ञात चूक आहे’ अशी खूण टेस्टवर करायची सोय त्यांनी ठेवली आहे. कम्पायलर ज्या फाइलींवर कोसळतो त्यांचा एक वेगळा फोल्डरही आहे. तिथली टेस्ट फेल झाली याचा अर्थ कोणीतरी दोष दुरुस्त केला. मला ही कल्पना फार आवडली. पण खूण करण्यासाठी आधी चूक ओळखावी लागते.

पुतणी : आता ही बघा. तुम्हाला नियमांवर भरवसा आहे न? इथे पुडा जेनेरिक आहे, कसलाही पुडा. प्रत्येक पुडा वनोपज आहे आणि त्याचं एकक शेकडा, असा इम्पल आहे. हे फंक्शन पुड्याचं एकक घेतं आणि शेकडा म्हणून परत देतं. चालतं. आता मी फंक्शनच्या डोक्यावर एक अट जोडते: ‘जिथे हा पुडा वनोपज आहे’.

मोठेबाबा : ती अट खरीच आहे. फरक काय पडणार?

पुतणी : कम्पायलर अडतो. म्हणतो, मला शेकडा हवा होता, तुम्ही ‘पुड्याचं एकक’ दिलंत. दोन्ही एकच आहेत हे त्याला आता पटत नाही.

मोठेबाबा : एक खरी गोष्ट जास्त सांगितली म्हणून त्याला कमी कळायला लागलं?

पुतणी : हो. अट लिहिली की तो आधी अटीवर विसंबतो आणि इम्पलकडे बघत नाही. अटीत एकक काय ते सांगितलेलं नाही, म्हणून एकक त्याच्या दृष्टीने अज्ञात राहतं. अटीतच ‘एकक बरोबर शेकडा’ असं लिहिलं की सुटतं.

मोठेबाबा : आणि हा नियम आहे की चूक?

पुतणी : यावर टेस्ट आहेत.

मोठेबाबा : मी ते विचारलं नाही, बेटा.

पुतणी : माहीत आहे. अटीला प्राधान्य देणं हा निर्णय आहे. बहुतेक वेळा त्याने भलं होतं, कारण जेनेरिक फंक्शन लिहिणाऱ्याला त्याने मागितलं तेवढंच मिळतं. कधी असं विचित्र होतं. ते काढून टाकलं तर दुसरीकडचा कोड मोडतो. म्हणून आहे तसं आहे.

यावर मोठेबाबा उठून गेले, पाणी पिऊन आले आणि विषय बदलला असं दाखवत पाचगाववर आले. पाचगाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतः सुरू केला, पण तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. पत्त्यासाठी झाडं छाटतात, जंगलात आगी लावतात. नको ते उत्पन्न, असा त्यांचा हिशेब.

मोठेबाबा : ‘तेंदूसंकलन’ नावाचा ट्रेट असेल तर पाचगावला त्याचा इम्पल नाही. मग तुझा कम्पायलर ‘पाचगाव तेंदू तोडत नाही’ असं धरून चालेल का?

पुतणी : यावर तर आमच्या निम्म्या मारामाऱ्या आहेत. समजा मी दोन नियम लिहिले. एक, जी गावं तेंदू तोडतात त्या सगळ्यांचा हिशेब असा लिहायचा. दोन, पाचगावचा हिशेब तसा लिहायचा. हे दोन एकमेकांवर येतात का?

मोठेबाबा : पाचगाव तोडत नसेल तर नाही येत.

पुतणी : ट्रेट आणि पाचगाव दोन्ही माझ्याच क्रेटमध्ये असतील तर कम्पायलरही असंच म्हणतो आणि जाऊ देतो. पण दोन्ही दुसऱ्याच्या क्रेटमधून आलेली असतील तर तोच कोड अडवतो, एरर ई-०११९. खाली टीपही देतो की मूळ क्रेटवाले पुढच्या आवृत्तीत पाचगावसाठी हा इम्पल जोडू शकतात. ग्रामसभा उद्या ठराव बदलू शकते, आणि तो बदलायचा अधिकार माझा नाही. म्हणून या टेस्टला दुसरा क्रेट लागतो. तो शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून आधी बांधायचा. अक्षरन् अक्षर तोच कोड. एका फाइलीत चाललाच पाहिजे, दुसरीत अडलाच पाहिजे.

मोठेबाबा : हे मला पटलं. हो, नाही, आणि तिसरं...

पुतणी : ‘आत्ता सांगता येत नाही’. ट्रेटचे असे प्रश्न सोडवणारी नवीन यंत्रणा कम्पायलरमध्ये येते आहे, तिच्यात उत्तरं तीनच आहेत. नेहमीच्या तपासणीत खोटं ‘हो’ चालत नाही. दोन इम्पल एकमेकांवर येतात का हे बघताना खोटं ‘नाही’ चालत नाही.

मोठेबाबा : मग मघाशी काय झालं?

पुतणी : मघाशी?

मोठेबाबा : तेंदूला मजुराचा एकच इम्पल होता. तिथेही लायब्ररी दुसऱ्याची, तिथेही उद्या ठेकेदार येऊ शकत होता. तिथे तुझा कम्पायलर ‘सांगता येत नाही’ म्हणाला नाही. आज एकच आहे म्हणून मजूर धरून मोकळा झाला. पाचगावच्या बाबतीत उद्याचा विचार करणारा कम्पायलर तेंदूच्या बाबतीत उद्या विसरतो. एकाच घरात दोन न्याय! आणि हे तुझ्या हजारो टेस्टमधून कळलं नसतं, कारण प्रत्येक टेस्ट आपापल्या जागी पासच होते.

मला वाटतं, संध्याकाळभराच्या वादातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. एकेक वर्तन तपासून दोन वर्तनांमधली विसंगती हाती लागत नाही. त्यासाठी कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून ‘का?’ विचारावं लागतं. पण पुतणीही कच्ची नव्हती.

पुतणी : दोन न्याय आहेत, कारण दोन शिक्षा वेगळ्या आहेत. टाइपचा अंदाज चुकला तर लाल अक्षरं येतात, माणूस ‘मजुरासाठी’ असं लिहितो, काम पुढे जातं. दोन इम्पल एकमेकांवर येऊ दिले तर लाल अक्षरंही येत नाहीत. प्रोग्रामचा एक भाग तेंदूचं एकक शेकडा समजतो, दुसरा गोणी. मेमरीतले तेच बाइट एकजण एका आकाराचे म्हणून लिहितो, दुसरा दुसऱ्या आकाराचे म्हणून वाचतो. जिथे हे अशक्य आहे असं आम्ही लोकांना सांगितलंय, तिथेच ते होतं.

मोठेबाबा : कधी झालंय?

पुतणी : २०१९ ची एक नोंद आहे. ‘डिन’ म्हणून एक सोय आहे. नेमका टाइप झाकून फक्त ट्रेट पुढे करायची. ते लिहिताना असोसिएटेड टाइप काय तेही सांगावं लागतं. आता कोणी सरसकट इम्पल लिहिला की जगातल्या प्रत्येक टाइपचं एकक शेकडा, आणि दुसरीकडे ‘डिन, एकक गोणी’ असं मागितलं, तर त्या झाकलेल्या टाइपचं एकक काय? दोन उत्तरं निघतात. कम्पायलर एका वाटेने गेला तर हे, दुसऱ्या वाटेने गेला तर ते. त्यातून एका टाइपचं दुसऱ्यात बिनबोभाट रूपांतर करता येतं.

मोठेबाबा : दोन कायदे, एक वस्तू. बांबूचं तेच झालं होतं. १९२७ च्या वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू म्हणजे झाड. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू म्हणजे गौण वनोपज. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं एप्रिल २०११ मध्ये, जयराम रमेश केंद्रात मंत्री असताना स्वतः गावात आले तेव्हा. मधली दोन वर्षं कापलेला बांबू कोणत्या व्याख्येतला, तेच ठरेना. १९२७ च्या व्याख्येतून बांबू निघाला २०१७ मध्ये, पण त्याचा उपयोग वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरताच.

पुतणी : आमच्याकडे २००६ चा कायदा कंपाइलच झाला नसता. आधी जुना इम्पल काढा म्हणाला असता.

मोठेबाबा : तर मग मेंढ्याला हक्कही मिळाला नसता. कडकपणाचा फायदा नेहमी आधी आलेल्याला होतो, हेही लिहून ठेव.

ही कोपरखळी पुतणीला लागली असावी, कारण पुढचा काही वेळ तीच नियमांच्या बाजूने बोलली. निको मात्साकिस यांच्या चॉक या प्रयोगाबद्दल तिने सांगितलं: ट्रेटचे सगळे नियम प्रोलॉगसारख्या तर्कवाक्यांत उतरवायचे आणि प्रत्येक प्रश्न सिद्धतेचा प्रश्न करायचा. तो प्रयोग जसाच्या तसा कम्पायलरमध्ये बसला नाही, पण त्यातून शिकलेलं नव्या यंत्रणेत आलं. जानेवारी २०२५ च्या १.८४ आवृत्तीपासून दोन इम्पल एकमेकांवर येतात का, ही तपासणी नवीन यंत्रणा करते. बाकीची कामं तेव्हा जुनीकडेच ठेवली. म्हणून तिच्या अनेक टेस्ट एकाच फाइलीतून दोनदा धावतात, एकदा जुन्या यंत्रणेवर, एकदा नव्या, आणि शेजारी दोन वेगळे अपेक्षित मजकूर असतात.

मोठेबाबा : मग पूर्णच का नाही सिद्ध करत? सगळे नियम लिहा, सिद्धता द्या, टेस्ट बंद.

पुतणी : तुम्ही गणिताचे. तुम्हीच सांगा, ही यंत्रणा ट्युरिंग-पूर्ण असेल तर?

मोठेबाबा : आहे?

पुतणी : आहे. जावाच्या जेनेरिक्सबद्दल राडू ग्रिगोरे यांनी सिद्धच करून दाखवलंय. स्विफ्टच्या असोसिएटेड टाइपमध्ये तर बीजगणितातला अनिर्णेय शब्द-प्रश्न बसवता येतो. रस्टमध्येही इम्पलमधून कुठलंही गणन उभं करता येतं. काही प्रश्न कधी संपतच नाहीत. म्हणून खोली १२८ च्या पुढे गेली की कम्पायलर थांबतो आणि ओव्हरफ्लो म्हणतो, ई-०२७५.

मोठेबाबा : १२८ कुठून आलं?

पुतणी : कुठूनतरी. क्रेटवाल्याला वाढवता येतं.

मोठेबाबा : पाय आता. टेस्ट संपत नाहीत म्हणून मी सिद्धता मागितली, सिद्धता संपत नाही म्हणून तू १२८ वर दोरी कापलीस. अनिर्णेय असलं म्हणून नियम लिहायचा नाही असं होत नाही. नियम लिहिणं वेगळं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काढणं वेगळं. ‘इथे थांबायचं’ हाही नियमच आहे, फक्त तो कोणी विचार करून लिहिलेला दिसत नाही.

पुतणी : ते मान्य. पण आता तुम्ही सांगा, एकच इम्पल असतानाची जी टेस्ट मी लिहिली आहे, ती ठेवू का काढू? आजचा कम्पायलर पास करतो, म्हणून मी ‘पास’ लिहिलंय.

मोठेबाबा : काढ. ठेवलीस तर लोक म्हणतील, हे ठरलेलंच आहे.

पुतणी : काढली तर कोणी नकळत हे बदलेल आणि थेट क्रेटरमध्ये कळेल, हजारो लोकांच्या कोडवर.

मोठेबाबा : मग एकटी ठेवू नको. त्याच फाइलीत दुसरी आवृत्ती कर, ठेकेदाराचा इम्पल जोडलेली. तिने अडायला हवं. दोन्ही एकाखाली एक दिसल्या तर वाचणाऱ्याला कळेल की पहिलं उत्तर किती कच्चं आहे.

पुतणी : हे करता येईल. वर एक ओळ लिहिते की हे वर्तन भाषेने दिलेली हमी नाही.

मोठेबाबा : आणि तिसरी पण कर. मजुराचाही इम्पल नाही. पाचगाव. तिथे ट्रेटची अट पुरी होत नाही अशी एरर येईल न? ई-०२७७?

पुतणी : नाही येणार. ‘तेंदू मोजा’ असं मेथड म्हणून लिहिलंय, त्यामुळे तो आधी ‘मोजा’ नावाची मेथड शोधतो. इम्पलच नाही म्हटल्यावर ती सापडत नाही, आणि ‘अशी मेथड नाही’ म्हणून ई-०५९९ देतो. ट्रेटच्या अटीपर्यंत तो पोचतच नाही.

मोठेबाबा : मग आपण पहिल्या दोनांत जो प्रश्न विचारला तो हा नव्हेच.

पुतणी : तोच विचारायचा तर मेथड सोडून ट्रेटचं नाव घेऊन पूर्ण लिहावं लागेल. तिन्ही आवृत्त्यांत. थांबा, पहिल्या दोन मी परत चालवून बघते.